छपरावर कोणाचं नाव नसतं

रिओ दि जानेरोच्या राष्ट्रीय संग्रहालयाला २०१८ साली दोनशे वर्षं पूर्ण झाली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ब्राझीलच्या राष्ट्रीय विकास बँकेबरोबर करार झाला. दुरुस्तीसाठी २ कोटी १७ लाख रिआल मिळणार होते, आणि त्यात आगीपासून बचावाची यंत्रणा बसवण्याचं कामही धरलेलं होतं. पैसे मात्र हातात पडायचे होते. २ सप्टेंबरच्या रात्री इमारत पेटली. जवळच्या हायड्रंटना, म्हणजे आग विझवण्यासाठीच्या नळांना, पाणी नव्हतं, म्हणून टँकर मागवावे लागले. सुमारे दोन कोटी वस्तूंच्या संग्रहातला बहुतेक भाग एका रात्रीत गेला. आज कोणीच बोलत नाही अशा भाषांची ध्वनिमुद्रणंही त्यात गेली. पुढे पोलिसांच्या तपासात आगीचं मूळ तळमजल्यावरच्या सभागृहातल्या वातानुकूलन यंत्रात सापडलं. त्याची विजेची जोडणी नियमाप्रमाणे केलेली नव्हती.

त्या आगीबद्दल जे जे वाचायला मिळालं ते मी वाचलं. जे गेलं त्याची यादी वाचताना पोटात कालवत होतं. पण पुन्हा पुन्हा माझी नजर अडायची ती दुसऱ्याच ठिकाणी: अर्थिंग नसलेली जोडणी, पाणी नसलेला हायड्रंट, मंजूर झालेला पण न आलेला पैसा. यातली एकही गोष्ट पुरातत्त्वज्ञाच्या किंवा मानववंशशास्त्रज्ञाच्या कक्षेतली नाही. ती ज्या माणसाच्या कक्षेतली असते, त्याचं नाव प्रदर्शनाच्या उद्घाटनपत्रिकेवर कधीच छापलं जात नाही. रिओचं संग्रहालय एका सरकारी विद्यापीठाचं होतं आणि वर्षानुवर्षं त्याचा निधी आटत गेला होता, त्यामुळे तिथल्या एखाद्या अधिकाऱ्यावर बोट ठेवणं अन्यायाचं होईल. मला बोलायचं आहे ते त्या खुर्चीबद्दल.

सांस्कृतिक संग्रहालयात वित्त आणि कामकाज पाहणाऱ्या प्रमुखाला आपण आजवर जी जागा दिली ती चुकीची आहे, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक ठिकाणी ही व्यक्ती म्हणजे संचालकांच्या हाताखालचा मोठा हिशेबनीस. अंदाजपत्रक तयार कर, बिलं चुकती कर, ऑडिटरला कागद दे, आणि मोठे निर्णय झाले की त्यांच्यासाठी पैसा कुठून आणायचा ते बघ. ही व्यक्ती संचालकांच्या बरोबरीने बसली पाहिजे. विश्वस्तांशी थेट बोलण्याचा तिला हक्क हवा, आणि नको म्हणण्याचाही. आणि त्याच्या बदल्यात तिच्याकडून संग्रहाची जाण मागितली पाहिजे, तीही तेवढ्याच कडकपणे.

आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ च्या ऑगस्टमध्ये प्रागच्या अधिवेशनात संग्रहालयाची नवी व्याख्या मंजूर केली. त्या व्याख्येवर बरीच वर्षं भांडणं झाली होती. सर्वसमावेशकता, विविधता, लोकसहभाग असे पुष्कळ शब्द तिच्यात नव्याने आले आणि चर्चा त्यांचीच झाली. पण पहिल्याच वाक्यात दोन जुने शब्द शाबूत आहेत: ना-नफा आणि कायमस्वरूपी. त्यांच्यावर फारसं कोणी थांबत नाही. मला वाटतं, वित्त आणि कामकाजाच्या प्रमुखाची सगळी नोकरी या दोन शब्दांत आहे.

‘ना-नफा’चा अर्थ पुष्कळ सुशिक्षित माणसं ‘तोट्यात चालणारं’ असा घेतात. वर्षअखेर शिल्लक राहिली तर संस्थेचे लोकच ओशाळतात, जणू काही चोरी झाली. ना-नफा म्हणजे शिल्लक कोणाच्या खिशात जाणार नाही, एवढंच. ती संस्थेच्या कामात परत गेली पाहिजे. शिल्लकच नसेल तर परत जाणार काय? ज्या संस्थेला पुढच्या शंभर वर्षांसाठी एक कापड, एक हस्तलिखित, एक मुखवटा जपायचा आहे, तिला दर पाच-सहा वर्षांनी येणारं वाईट साल पचवता आलं पाहिजे. २०२० मध्ये महामारीने जगभरातली संग्रहालयं बंद पडली, युनेस्कोच्या अंदाजाप्रमाणे दर दहापैकी नऊ. तिकिटांचा पैसा एका आठवड्यात शून्यावर आला. भांडारातल्या वस्तूंना मात्र टाळेबंदी कळत नव्हती. त्यांना तेच तापमान, तीच आर्द्रता, तोच पहारा लागत होता. ज्यांच्याकडे काही महिन्यांचा मोकळा राखीव निधी होता त्यांना विचार करायला उसंत मिळाली. बाकीच्यांनी आधी माणसं कमी केली.

‘मोकळा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण संग्रहालयाच्या पैशातली सगळी गुंतागुंत तिथे आहे, आणि बाहेरच्या माणसाला ती सहसा माहीत नसते. संग्रहालयाकडे येणारा पैसा सारख्या रंगाचा नसतो. एका देणगीदाराने वस्त्रदालनासाठी दिलेली रक्कम वस्त्रदालनावरच खर्चावी लागते. दुसऱ्याने फक्त नव्या वस्तूंच्या खरेदीसाठी दिलेली असते. तिसऱ्याने कायम निधीत टाकलेली असते, म्हणजे मुद्दलाला हात लावायचा नाही आणि वर्षाला साधारण चार-पाच टक्केच वापरायचे. या सगळ्यांची बेरीज ताळेबंदात भरघोस दिसते. आणि त्याच महिन्यात पहारेकऱ्यांचे पगार कुठून द्यायचे हा प्रश्न उभा असतो. बाहेरून बघणारा म्हणतो, एवढे कोट्यवधी पडलेत आणि पगाराला पैसे नाहीत? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

अशा वेळी मोह होतो तो एका खात्यातून दुसऱ्यात ‘तात्पुरतं’ वळवण्याचा. पुढच्या महिन्यात अनुदान आलं की भरून टाकू. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या सार्वजनिक संग्रहालयात २००५ साली असंच उघडकीला आलं: कायम निधीतला पैसा रोजच्या खर्चात गेला होता, आणि विश्वस्तांना तुटीचं खरं आकारमान कळेपर्यंत फार उशीर झाला होता. संस्था दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली, काउंटी, म्हणजे तिथल्या जिल्हा, सरकारच्या हमीवर कर्ज काढावं लागलं आणि मोठ्या संख्येने कर्मचारी घरी गेले. हे वाचून कोणी म्हणेल, बघा, पैसेवाल्या माणसावर विश्वास ठेवला की असं होतं. मी उलट निष्कर्ष काढतो. ही व्यक्ती एकटी, वरच्याला खूश ठेवण्याच्या दबावाखाली, बंद दाराआड काम करत असेल, तर वाईट बातमी ती लांबवतेच. वाईट बातमी वेळेवर सांगणं हेच जिचं काम आहे, तिला ती सांगण्यासाठी मोकळी वाट ठेवली पाहिजे. दर तिमाहीला विश्वस्तांच्या लेखापरीक्षण समितीशी तिची बैठक व्हावी, आणि त्यातला काही वेळ संचालक खोलीत नसावेत. एवढी साधी पद्धतही अनेक संस्थांत नाही. आणि तिला काढून टाकण्याचा अधिकार एकट्या संचालकाच्या हातात नसावा.

आता कामकाजाकडे येतो. या जोडगोळीतला दुसरा शब्द नेहमी पहिल्याच्या सावलीत राहतो. ही दोन खाती एकाच व्यक्तीकडे असावीत का, याबद्दल मतभेद आहेत. मोठ्या संस्थांत ती वेगळी असतात. मध्यम आणि लहान संग्रहालयांत बहुतेकदा एकत्र असतात, आणि मला ते योग्य वाटतं, कारण संग्रहालयात पैसा आणि हवा एकमेकांपासून तोडता येत नाहीत.

हवा म्हणजे शब्दशः हवा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संग्रहालयांत एक दंडक रूढ झाला: तापमान साधारण २० ते २२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के, त्यात फार तर पाच टक्के इकडे-तिकडे. उसनवार दिलेल्या वस्तूंच्या करारांतून हा दंडक जगभर पसरला. तो पाळायचा तर यंत्रं रात्रंदिवस चालतात आणि विजेचं बिल पगारांच्या खालोखाल जाऊन बसतं. फक्त हिशेब कळणारा माणूस हे बिल बघतो आणि म्हणतो, रात्री सगळं बंद करा, कोण असतं रात्री? त्याला हे माहीत नसतं की रात्री आर्द्रता वर आणि सकाळी पुन्हा खाली, असा रोजचा झोका लाकडावरच्या रंगाचे पापुद्रे सोडवतो, हस्तिदंताला तडे देतो. आणि फक्त संग्रह कळणारा माणूस पन्नास टक्क्यांच्या आकड्याला देवाची आज्ञा मानून बसतो. त्याला हे माहीत नसतं की दशकभरापूर्वी बिझो गट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या संग्रहालयांच्या संचालकांनीच हा दंडक सैल केला. बहुतेक वस्तूंना १६ ते २५ अंश आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता चालते, फक्त बदल सावकाश व्हावा आणि नाजूक वस्तूंची वेगळी काळजी घ्यावी. या सैलपणात केवढी तरी बचत दडलेली आहे. पण ती मिळवायला वस्तूंची जपणूक आणि दुरुस्ती करणाऱ्या संवर्धकाशी तासन् तास बसून कोणत्या खोलीत काय ठेवलंय, कोणती वस्तू काय सोसते, हे समजून घ्यावं लागतं. हे संभाषण ज्याला करता येतं, त्याला मी संग्रहालयाचा वित्तप्रमुख म्हणेन. ज्याला येत नाही तो चांगला लेखापाल असेल, पण या खुर्चीवर त्याने बसू नये.

ब्रिटिश म्युझियमचं प्रकरण याच कारणासाठी मला महत्त्वाचं वाटतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालं की सुमारे दोन हजार वस्तू चोरीला गेल्या, हरवल्या किंवा खराब झाल्या. त्यात रत्नं होती, सोन्याचे दागिने होते. बऱ्याच वस्तूंची नीट नोंदच नव्हती, त्यामुळे त्या गेल्याचं कळायलाही मार्ग नव्हता. एका अभ्यासकाने २०२१ मध्येच सावध केलं होतं, पण त्या इशाऱ्याची दखल ज्या गांभीर्याने घ्यायला हवी होती तशी घेतली गेली नाही. संचालकांनी राजीनामा दिला. मग संस्थेने पाच वर्षांत संपूर्ण संग्रहाच्या नोंदी डिजिटल करण्याची योजना मांडली. नव्याने भरायच्या किंवा सुधारायच्या सुमारे २४ लाख नोंदी, खर्चाचा अंदाज एक कोटी पौंड.

एखादं साधं गोदाम चालवणारा माणूसही वर्षातून एकदा माल मोजतो. जो माल हाताळतो तोच नोंद ठेवणार नाही आणि तोच मोजणार नाही, हा हिशेबाच्या जगातला पहिला धडा आहे. ब्रिटिश म्युझियममधल्या ऐंशी लाख वस्तू दरवर्षी मोजता येत नाहीत हे खरं, पण शंभर कपाटांतलं एक कपाट चिठ्ठी टाकून निवडायचं आणि ते तपासायचं, हे तर जमतं. मग हा धडा भांडारात का पोचत नाही? माझं उत्तर असं की विद्वत्तेच्या दारापाशी हिशेब अदबीने थांबतो. संग्रह सांभाळणाऱ्या अभिरक्षकाला ‘तुमचं कपाट तपासायचंय’ म्हणणं म्हणजे त्याच्या सचोटीवर शंका घेणं, असा समज असतो. बँकेतल्या रोखपालाची पेटी रोज मोजली जाते, त्यात त्याचा कोणी अपमान मानत नाही. उलट प्रामाणिक माणसाचं संरक्षण त्यातच असतं. ही गोष्ट अभिरक्षकांना पटवून द्यायला त्यांच्या बरोबरीचं स्थान लागतं. हाताखालच्या हिशेबनिसाला ते जमणार नाही.

आणि पैशाचं म्हणाल तर नोंदींसाठी पैसा मागायला गेलं की देणगीदार जांभई देतो, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे. नव्या दालनावर नाव लागतं, नव्या मूर्तीखाली नाव लागतं. छपरावर कोणाचं नाव नसतं. पाण्याच्या पाइपावर नसतं, नोंदवहीवर नसतं, सीसीटीव्ही कॅमेऱ्यावरही नसतं. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयातून २०२५ च्या १९ ऑक्टोबरला सकाळी, संग्रहालय उघडं असताना, काही मिनिटांत राजघराण्याचे दागिने चोरीला गेले. किंमत सुमारे ८ कोटी ८० लाख युरो सांगितली गेली. त्यानंतर काही आठवड्यांतच सरकारी हिशेब तपासणाऱ्या फ्रान्सच्या लेखा न्यायालयाचा अहवाल प्रसिद्ध झाला. नजरेत भरणाऱ्या कामांना, म्हणजे नवी खरेदी आणि दालनांची नवी मांडणी यांना, संग्रहालयाने इमारतीच्या देखभालीपेक्षा आणि सुरक्षेच्या यंत्रणेपेक्षा झुकतं माप दिलं, असं त्यात नोंदवलं आहे. जगातल्या सर्वाधिक गर्दीच्या संग्रहालयाची ही कथा. पैसा नव्हता असं तिथे म्हणता येत नाही. प्रश्न रांगेचा होता: कोण आधी, कोण नंतर. त्या रांगेत छपराच्या, तारांच्या आणि कॅमेऱ्यांच्या वतीने उभं राहणारं कोणीतरी तितक्याच उंचीचं लागतं.

इमारतींच्या हौसेबद्दलही बोललं पाहिजे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन लोककला संग्रहालयाने ५३ व्या रस्त्यावर नवी वास्तू बांधली, ती २००१ च्या अखेरीस उघडली. वास्तुरचनाकारांनी तिचं तोंड भरून कौतुक केलं. तिच्यासाठी ३ कोटी १९ लाख डॉलरचे कर्जरोखे काढले होते. ते फेडायला जितके प्रेक्षक लागणार होते तितके आले नाहीत. २००९ मध्ये हप्ते थकले, २०११ मध्ये वास्तू शेजारच्या आधुनिक कला संग्रहालयाला विकली आणि २०१४ मध्ये त्या शेजाऱ्याने ती पाडली. तेरा वर्षांत सगळं आटोपलं. संग्रह वाचला आणि संस्था छोट्या जागेत तग धरून राहिली, हे नशीब.

असे अंदाज कसे तयार होतात हे कोणालाही सांगता येईल. आधी इमारत ठरते, मग ती परवडते हे दाखवायला प्रेक्षकसंख्या लिहिली जाते. उद्घाटनाच्या वर्षी गर्दी होतेच. तोच आकडा पुढची दहा वर्षं धरून चालतात. खोलीतल्या सगळ्यांना ती इमारत हवी असते: संचालकांना, विश्वस्तांना, देणगीदारांना, वास्तुरचनाकाराला. चौथ्या वर्षीचा विजेचा, सफाईचा, पहाऱ्याचा खर्च टेबलावर ठेवून ‘हे झेपणार नाही’ म्हणणारा माणूस त्या खोलीत नकोसा असतो. त्याला आनंदावर विरजण घालणारा म्हणतात. पण संस्थेला त्या क्षणी त्याच्याइतकी गरज दुसऱ्या कोणाचीच नसते.

न्यूयॉर्कच्याच मेट्रोपॉलिटन म्युझियमसारख्या प्रचंड संस्थेलाही हे चुकलं नाही. २०१६ च्या सुमारास तिथली तूट वाढत चालल्याचं दिसलं, कर्मचारी कमी करावे लागले, एका नव्या विभागाची मोठी बांधणी पुढे ढकलली गेली आणि २०१७ मध्ये संचालकांनी पद सोडलं. त्यानंतर विश्वस्तांनी अध्यक्षांना मुख्य कार्यकारी अधिकारी केलं, म्हणजे कला सांभाळणारा संचालक व्यवस्थापन सांभाळणाऱ्याच्या हाताखाली गेला. २०२३ मध्ये पुन्हा दोन्ही पदं संचालकाकडे आली. कोण वर आणि कोण खाली, याचं कायमचं उत्तर एवढ्या श्रीमंत संस्थेलाही सापडलेलं नाही. मला वाटतं ते नसतंच. दोघांनी एकमेकांना अडवू शकावं, आणि दोघांनाही अडवू शकेल असं जागं विश्वस्त मंडळ असावं, एवढंच मागता येतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. पैशाचं बळ असलेल्या माणसाला संग्रहालयात एवढं मोठं केलं, तर उद्या तो संग्रहाकडेच मालमत्ता म्हणून बघायला लागेल. कोणतं प्रदर्शन गल्ला भरतं, कोणता विभाग ‘तोट्यात’ आहे, कोणत्या वस्तूला बाजारात काय भाव येईल, असे प्रश्न सुरू होतील. ही भीती मलाही वाटते, कारण हे घडलेलं आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या बर्कशर म्युझियमने २०१७ मध्ये चाळीस कलाकृती विकायला काढल्या. त्यात नॉर्मन रॉकवेल या चित्रकाराने स्वतः त्या संग्रहालयाला दिलेली चित्रंही होती. पैसा हवा होता नूतनीकरणाला आणि कायम निधीला. कोर्टकचेऱ्या झाल्या, कला संग्रहालय संचालकांच्या संघटनेने निर्बंध घातले, आणि तरीही विक्रीतून सुमारे ५ कोटी ३० लाख डॉलर उभे राहिले. संस्था वाचली असं तिचे समर्थक म्हणतात. मी म्हणेन, ज्याने विश्वासाने चित्र दिलं त्याच्या विश्वासाचं मोल ताळेबंदात कुठे धरलं?

ताळेबंदाचाच विषय निघाला म्हणून सांगतो. अमेरिकेच्या हिशेब मानक मंडळाने १९९३ मध्ये संग्रहालयांना एक मुभा दिली. संग्रह लोकांना दाखवण्यासाठी, शिक्षणासाठी, संशोधनासाठी असेल, त्याची नीट जपणूक होत असेल आणि एखादी वस्तू विकलीच तर तो पैसा नव्या वस्तू घेण्यातच जात असेल, तर संग्रहाची किंमत ताळेबंदात दाखवण्याची सक्ती नाही. ही तांत्रिक तरतूद मला फार सुंदर वाटते. अमूल्य ठेव्याला आकडा न लावण्याची ती कायदेशीर परवानगी आहे. २०१९ मध्ये तिच्यात थोडा बदल झाला. विक्रीचा पैसा वस्तूंच्या ‘प्रत्यक्ष देखभालीवर’ही खर्च करता येईल असं ठरलं. २०२० च्या संकटात संचालकांच्या संघटनेनेही आपले नियम दोन वर्षांसाठी सैल केले, आणि पुढे देखभालीची मुभा कायम झाली.

आता ‘प्रत्यक्ष देखभाल’ म्हणजे काय? फाटलेलं कापड शिवणं नक्कीच. भांडाराचं वातानुकूलन? बहुधा. संपूर्ण इमारतीचं वीजबिल? संवर्धकाचा पगार? त्याच्या वरिष्ठाचा पगार? एक एक पायरी उतरत गेलं की तळाशी सगळा खर्च देखभालच ठरतो. या जिन्यावर कुठल्या पायरीवर थांबायचं हे ठरवणारा माणूस वित्तप्रमुखच आहे. त्याची नियत आणि संग्रहाशी असलेलं नातं इथे कसाला लागतं. म्हणून आक्षेप घेणाऱ्यांना माझं सांगणं असं आहे की त्याला दूर, खालच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवून धोका कमी होत नाही. दूर ठेवलेल्या माणसाला संग्रह फक्त आकड्यांतच दिसणार. ज्याने ती वस्तू हातमोजे घालून एकदा उचलली आहे, तिच्या मागच्या बाजूचा जुना क्रमांक वाचला आहे, तो तिला विकायचं म्हटल्यावर निदान अडखळेल.

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराने हे दुसऱ्या बाजूने दाखवलं. जुलै २०१३ मध्ये ते शहर दिवाळखोरीत गेलं तेव्हा त्याच्यावर सुमारे १,८०० कोटी डॉलरचा बोजा होता. डेट्रॉइट कला संस्थेचा संग्रह शहराच्या मालकीचा होता, त्यामुळे धनकोंची नजर भिंतींवर गेली. चित्रांची किंमत ठरवायला लिलावगृहाचे लोकही येऊन गेले. एका बाजूला निवृत्त कर्मचाऱ्यांचं पेन्शन, दुसऱ्या बाजूला चित्रं. हा प्रश्न खरोखर कठीण होता आणि चित्रांच्या बाजूने बोलणारा निर्दय ठरण्याची भीती होती. अखेर धर्मादाय प्रतिष्ठानांनी ३६ कोटी ६० लाख डॉलर देण्याचं ठरवलं, राज्य सरकारने वाटा उचलला, संग्रहालयाने स्वतः १० कोटी उभारण्याची हमी घेतली. वीस वर्षांत मिळून ८१ कोटी ६० लाख. तो पैसा पेन्शनकडे गेला आणि संग्रह कायमचा ना-नफा संस्थेच्या मालकीचा झाला. हे जमलं त्याच्या मागे आणखी एक गोष्ट होती: २०१२ मध्ये, म्हणजे दिवाळखोरीच्या आधीच्या वर्षी, आसपासच्या तीन काउंट्यांतल्या मतदारांनी संग्रहालयासाठी स्वतःवर मालमत्ता कर लावून घेतला होता. लोकांनी असं मत उगाच दिलं नसणार. आपला पैसा कुठे जातो हे त्यांना दिसत होतं आणि बदल्यात प्रवेश मोफत मिळत होता. मोजता न येणारी ही पत वर्षानुवर्षांच्या चोख कारभारातून साठते.

चोख कारभाराला पैसे लागतात, हे मात्र देणगीदारांना अजून पटत नाही. ‘माझ्या देणगीतला एकही पैसा प्रशासनावर जाऊ नये’ अशी अट कौतुकाने घातली जाते. अमेरिकेत देणगीदारांसाठी संस्थांचं मूल्यमापन करणाऱ्या तीन नामांकित संघटनांनी २०१३ मध्ये एकत्र पत्र काढून सांगितलं की केवळ प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवर संस्थेची पारख करू नका. ज्यांनी हा मापदंड लोकप्रिय करायला हातभार लावला त्यांनीच हे सांगावं, ही मोठी गोष्ट होती. तरी सवय गेलेली नाही. परिणाम असा की संस्था प्रशासकीय खर्च कमी दाखवण्यासाठी अनुभवी माणूस घेत नाहीत. स्वस्तातला घेतात, तो दोन वर्षांत जातो, त्याच्याबरोबर कोणत्या देणगीवर कोणती अट होती याची आठवणही जाते.

आणि पगारांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तूट आली की वित्तप्रमुखाची कात्री पहिल्यांदा कुठे चालते? पहारेकरी, शिक्षण विभागातले हंगामी लोक, सफाई. दात कोरून पोट भरत नाही, पण कोरले जातात ते नेहमी सगळ्यात खालच्यांचे. फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांनी २०२२ मध्ये जवळजवळ तीन आठवडे संप केला तेव्हा त्यांच्या मागण्या पगार आणि आरोग्यविम्याच्या होत्या. कलेच्या सान्निध्यात काम करायला मिळतं हाच मोबदला, हे वाक्य घरभाडं भरत नाही. दालनात आठ तास उभा असणारा पहारेकरी धूर पहिल्यांदा हुंगतो, छतावरचा ओला डाग पहिल्यांदा बघतो, लहान मुलाच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर देतो. त्याची जागा रिकामी ठेवून जी बचत होते ती बचत नसते. ते संग्रहाच्या नावावर काढलेलं कर्ज असतं.

तेव्हा अशा जागेसाठी माणूस निवडताना विश्वस्तांनी काय करावं? पदव्या आणि दाखले बघावेतच. पण शेवटची मुलाखत सभागृहात घेऊ नये. उमेदवाराला भांडारात न्यावं. दार उघडावं आणि काही न बोलता दहा मिनिटं त्याला फिरू द्यावं. तो कपाटांवरचे क्रमांक वाचतो का? भिंतीवरच्या आर्द्रतामापकाशी थांबतो का, आणि गेल्या आठवड्याचे आकडे मागतो का? वर बघतो का, जिथे छताला जुन्या गळतीची पिवळी कड आहे? त्याला विचारावं, हे सगळं आणखी शंभर वर्षं असंच ठेवायला वर्षाला किती लागतील? तो लगेच आकडा सांगू लागला तर थोडं सावध व्हावं. आधी त्याने विचारलं की इथे काम करणारी माणसं कोण, इथे रात्री कोण असतं, आणि मागच्या वेळी पाणी आलं तेव्हा पहिला फोन कोणी उचलला, तर त्याला वर नेऊन ताळेबंद दाखवावा.